चकमकीची फ्रेंच बंदूक : एका दुर्मिळ पुरावस्तूची ओळख

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे खाडीकाठच्या पट्ट्यातील एक जुने गाव. सिडकोने नवी मुंबईच्या उभारणीस प्रारंभ केल्यानंतर या पट्ट्यातील शेते, मिठागरे आणि वाड्या यांच्या जागी नवे नगर उभे राहिले. आज बेलपाडा खारघर नगरात सामावून गेले आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या बेलापूर ते पेंधर या मेट्रो मार्गावर त्याच्या नावाचे स्थानकही आहे. अशा गावांतून जुनी घरे उतरविली जात असता माळ्यावरून, कोठीच्या खोलीतून किंवा देवघराच्या मागील फडताळातून पिढ्यान्पिढ्या पडून असलेल्या वस्तू बाहेर येतात. तांब्यापितळेची भांडी असतात, मोडी लिपीतील कागदांची रुमाले असतात. क्वचित एखादी गंजलेली तलवार किंवा लांब नळीची बंदूकही असते.

अशा बंदुकीवर रोमन लिपीतील अक्षरे, चांदीची किंवा पितळेची नक्षीदार पट्टी आणि दगडाचा तुकडा धरणारा वाकडा घोडा दिसला, तर ती अठराव्या शतकातील युरोपीय बंदूक असण्याचा संभव असतो. त्यातही ती फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची असेल तर तिची गणना दुर्मिळ पुरावस्तूंत करावी लागेल. फ्रान्स देशाची बंदूक कोकणात किंवा घाटावर येण्याचे कारण काय, ती ओळखावी कशी आणि ती हाती आल्यास नागरिकाने काय करावे, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे.

जामगीपासून चकमकीपर्यंत

आपल्याकडे दीर्घकाळ प्रचारात असलेली बंदूक जामगीची, म्हणजे तोड्याची होती. जळत्या वातीचे टोक बंदुकीच्या कानाशी ठेवलेल्या रंजकेला लावले की आतील दारू पेट घेई. ही बंदूक बनविण्यास सोपी व स्वस्त होती. परंतु वात सतत पेटती ठेवावी लागे. कोकणातल्या पावसात ती विझे आणि रात्रीच्या अंधारात तिचा निखारा शत्रूस दुरून दिसे.

चकमकीच्या बंदुकीने हा दोष दूर केला. या बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा घडीव तुकडा घट्ट बसविलेला असतो. चाप ओढताच घोडा पुढे झेपावतो, गार पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या उडतात आणि त्याच आघाताने पट्टी वर उचलली जाऊन खालच्या लहान वाटीतील रंजक उघडी पडते. रंजक पेटते, ज्वाला कानातून नळीत शिरते व गोळी सुटते. हे सर्व निमिषार्धात घडते. शिकलेला शिपाई एका मिनिटात दोन ते तीन वेळा बार काढू शके. मात्र नेम फारसा अचूक नसे. शंभर पावलांच्या आसपास, एका ओळीत उभ्या असलेल्या पलटणीने एकदम बार काढला तरच या शस्त्राचा खरा प्रभाव पडे. म्हणूनच चकमकीच्या बंदुकीबरोबर कवायत आली, संगीन आली आणि हुकमासरशी हालचाल करणारी पलटण आली.

फ्रान्सने आपल्या पायदळाच्या बंदुकीचा पहिला अधिकृत नमुना १७१७ मध्ये ठरविला. पुढे १७२८, १७६३, १७६६ व १७७७ या वर्षांत त्यात सुधारणा झाल्या. शार्लव्हिल, सेंट एतिएन् व मोब्यूझ येथील कारखान्यांत या बंदुका तयार होत. शिपायाची फ्रेंच बंदूक सुमारे दीड मीटर लांब व साडेचार किलोग्रॅमच्या आसपास वजनाची असे. तिच्या नळीचा आतील व्यास सुमारे १७.५ मिलिमीटर होता. तत्कालीन इंग्रजी बंदुकीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर होता. हा फरक दिसावयास लहान असला तरी रणांगणावर महत्त्वाचा ठरे. इंग्रजी बंदुकीसाठी ओतलेली गोळी फ्रेंच नळीत सुखाने उतरत नसे. एकाच फौजेत दोन्ही देशांच्या बंदुका असल्या तर गोळ्यांचे साचे दोन, काडतुसे दोन आणि दुरुस्तीचे सुटे भागही दोन प्रकारचे ठेवावे लागत.

अधिकाऱ्याची बंदूक वेगळी कशी

शिपायाची बंदूक सरकारी मालकीची व ठराविक नमुन्याची असे. अधिकाऱ्याची बंदूक बहुधा त्याने आपल्या पैशाने बनवून घेतलेली असे. अठराव्या शतकात फ्रेंच पायदळातील अनेक अधिकारी तलवारीबरोबर एक हलकी बंदूकही बाळगीत. ती शिपायाच्या बंदुकीपेक्षा वजनाने कमी, बहुधा आखूड व बारीक नळीची असे. तिचा दस्ता अक्रोडाच्या निवडक लाकडाचा, घडण नाजूक आणि जोडकामावर कोरीव नक्षी असे. काहींवर चांदीचे काम आढळते. अशा बंदुका थोड्या बनत. त्या खासगी मालमत्ता असल्याने मालकाबरोबर प्रवास करीत आणि त्याच्या मृत्यूनंतर विकल्या, वाटल्या किंवा मोडल्या जात. त्यामुळेच आज त्या विरळ झाल्या आहेत.

चौल बंदरातील पाहुणा व पनवेलची फौज

फ्रेंच शस्त्रे व फ्रेंच अधिकारी यांचा मराठ्यांच्या राजकारणाशी असलेला संबंध अठराव्या शतकाच्या मध्यापासून दिसून येतो. निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी बुसी मराठी कागदपत्रांत ‘मुसा बुसी’ या नावाने येतो. ‘मुसा’ हे फ्रेंच भाषेतील ‘मस्य’ या आदरार्थी संबोधनाचे मराठी रूप होय. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर आपल्या कवायती पलटणींसह लढला.

पनवेलच्या दृष्टीने मात्र १७७७ व १७७८ ही वर्षे विशेष महत्त्वाची ठरतात. सेंट ल्यूबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १७७७ मध्ये चौल येथे उतरला व तेथून पुण्यास गेला. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत असे तो सांगे. नाना फडणवीसांनी त्याचे समारंभपूर्वक स्वागत केले. अडीच हजार युरोपीय सैनिक आणावयाचे, दहा हजार देशी शिपायांस कवायत शिकवावयाची आणि युद्धसामग्रीचा मुबलक पुरवठा करावयाचा, असा त्याचा प्रस्ताव होता. त्याच्या मोबदल्यात चौलचे बंदर व रेवदंड्याचा किल्ला फ्रेंचांस मिळावा अशी अपेक्षा होती.

या प्रस्तावातून प्रत्यक्षात फारसे काही निष्पन्न झाले नाही. १७७८ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली आणि सेंट ल्यूबिनही परत गेला. परंतु न आलेल्या त्या फ्रेंच बंदुकांची भीती मुंबईकर इंग्रजांच्या मनात घर करून राहिली. चौल फ्रेंचांकडे गेले तर मुंबईच्या दाराशीच शत्रू येऊन बसेल, हे त्यांना दिसत होते. रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्याच्या त्यांच्या बेतास या भीतीची जोड मिळाली.

नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस सुमारे ३,९०० सैनिकांची इंग्रज फौज पनवेल येथे येऊन दाखल झाली. तिच्याबरोबर सामानाचे सुमारे १९,००० बैल होते. मुंबईहून खाडीमार्गे पनवेल, तेथून खोपोली, बोरघाट आणि घाटमाथ्यावरून पुणे, हा त्या काळचा रुळलेला मार्ग होता. बेलपाड्याजवळच्या बेलापूर किल्ल्याचे महत्त्व याच खाडीमार्गावरील स्थानामुळे होते. फौज अत्यंत संथ गतीने घाट चढली. महादजी शिंदे व नाना फडणवीस यांच्या सैन्याने पुढील मुलूख ओसाड करून तिला दाणावैरण मिळू दिली नाही. जानेवारी १७७९ च्या आरंभी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले. तळेगावपर्यंत गेलेली फौज माघारी फिरली, वडगाव येथे वेढली गेली आणि इंग्रजांस तह करावा लागला.

या प्रसंगी मराठ्यांचा विजय विलायती बंदुकांमुळे झाला नाही. मुलखाची माहिती, चपळ घोडदळ, रसद तोडण्याची जुनी युक्ती आणि कारभाऱ्यांतील एकवाक्यता यांनी तो मिळवून दिला. फ्रेंच बंदुकीच्या कथेत ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शिंद्यांचे कंपू

चकमकीच्या बंदुकांचा मराठी फौजेत मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला तो महादजी शिंदे यांच्या काळात. १७८४ मध्ये डी बॉयन हा सेनानी त्यांच्या सेवेत आला. तो जन्माने सॅव्हॉय प्रांताचा होता आणि पूर्वी फ्रेंच सैन्यातील एका आयरिश पलटणीत अधिकारी म्हणून राहिला होता. त्याने उभारलेल्या कवायती पलटणींस मराठीत ‘कंपू’ म्हणत. १७९० मध्ये पाटण व मेडता आणि १७९३ मध्ये लाखेरी येथील लढायांत या कंपूंनी विजय मिळविले.

या सैन्यास लागणारी शस्त्रे केवळ समुद्रापलीकडून आणून भागणारे नव्हते. त्यासाठी आग्रा येथे कारखाना चालविण्यात आला. सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तेथे तोफा ओतल्या जात व युरोपीय नमुन्याबरहुकूम बंदुका घडविल्या जात. एका बंदुकीस सुमारे दहा रुपये खर्च येई आणि गुणवत्तेत ती विलायती बंदुकीच्या तोडीची असे, असा तिचा लौकिक होता. देशी कारागिराने युरोपीय यंत्ररचना किती लवकर आत्मसात केली याचा हा पुरावा होय. त्याचबरोबर यावरून एक इशाराही मिळतो. युरोपीय धाटणीची दिसणारी प्रत्येक जुनी बंदूक युरोपातच बनलेली असेल असे नाही. ती आग्र्याची किंवा अन्य देशी कारखान्याचीही असू शकेल, आणि तसे असल्यास तिचे ऐतिहासिक मोल मुळीच कमी होत नाही.

११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे निजाम व मराठे यांची लढाई झाली. निजामाच्या बाजूस ‘मुसा रेमू’ या नावाने प्रसिद्ध असलेला फ्रेंच सेनानी रेमंड होता, तर शिंद्यांच्या पलटणींचे नेतृत्व पेराँ या दुसऱ्या फ्रेंच माणसाकडे होते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या रणभूमीवर दोन्ही बाजूंच्या कवायती पलटणी फ्रेंच सेनानींच्या हुकमतीखाली उभ्या होत्या. महाराष्ट्राच्या भूमीवर फ्रेंच धाटणीच्या बंदुका व त्या बाळगणारे युरोपीय अधिकारी कोणत्या मार्गाने आले, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पुढे १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा या व्यवस्थेतील उणीव उघडी पडली. इंग्रजांनी शिंद्यांच्या पदरच्या युरोपीय अधिकाऱ्यांस आपल्याकडे येण्याचे आवाहन केले आणि अनेकांनी ऐन वेळी चाकरी सोडली. डी बॉयनच्या पश्चात सर्व कंपूंचा सेनापती झालेला पेराँ हाही त्यांत होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंद्यांचे पायदळ व गोलंदाज शर्थीने लढले व इंग्रजांची मोठी हानी झाली, तरी विजय इंग्रजांचा झाला. बंदूक आपल्या कारखान्यात बनू लागली होती, शिपाईही उत्तम तयार झाला होता. परंतु हुकूम देणारा वर्ग आपल्या माणसांतून घडविला गेला नव्हता. परक्या अधिकाऱ्याच्या हातातील बंदूक त्याच्याबरोबरच निघून जाते, हा या इतिहासाचा धडा होय.

बंदूक ओळखावी कशी

अशी बंदूक समोर आल्यास अभ्यासक काही ठराविक खुणा पाहतात. पहिली खूण नळी व दस्ता यांच्या जोडणीची. फ्रेंच बंदुकीत नळी दस्त्याला धातूच्या कड्यांनी आवळलेली असते. इंग्रजी बंदुकीत ती बहुधा आडव्या खिळ्यांनी बसविलेली असते. दुसरी खूण धातूची. शिपायाच्या फ्रेंच बंदुकीचे जोडकाम मुख्यतः लोखंडी, तर इंग्रजी बंदुकीचे पितळी असते. १७७७ च्या फ्रेंच नमुन्यात रंजकेची वाटी पितळेची असून, नेम धरताना गाल टेकता यावा म्हणून दस्त्याच्या डाव्या अंगास खोलगट भाग कोरलेला आढळतो. अधिकाऱ्याच्या बंदुकीस हे नियम काटेकोरपणे लागू पडत नाहीत, कारण ती मालकाच्या आवडीनुसार घडविलेली असे.

तिसरी व सर्वांत बोलकी खूण अक्षरांची. घोड्याखालील पट्टीवर बहुधा कारखान्याचे नाव कोरलेले असते. त्यात कारखान्यास ‘राजकीय’ म्हटले असेल तर ते काम राज्यक्रांतीपूर्वीचे, ‘राष्ट्रीय’ म्हटले असेल तर क्रांतीनंतरचे आणि ‘बादशाही’ म्हटले असेल तर नेपोलियनच्या काळातील, असा प्राथमिक तर्क करता येतो. मात्र १८१५ नंतर फ्रान्समध्ये पुन्हा राजसत्ता आली असल्याने एकट्या शब्दावर विसंबून चालत नाही. नळीवरील परीक्षेचे शिक्के, दस्त्यावर दाबलेली मुद्रा आणि मालकाची आद्याक्षरे यांचाही विचार करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टोपीची बंदूक प्रचारात आल्यावर अनेक चकमकीच्या बंदुकांचे घोडे काढून त्या टोपीच्या करण्यात आल्या. त्यामुळे मूळ यंत्ररचना शाबूत असलेला नमुना अधिकच विरळ झाला. १८५७ नंतरची शस्त्रजप्ती व १८७८ चा शस्त्रविषयक कायदा यांमुळेही आपल्याकडील कित्येक जुन्या बंदुका नाहीशा झाल्या. दुसरीकडे जुन्या घडणीच्या नकला बनवून त्या पुरातन म्हणून विकण्याचा धंदाही चालतो. म्हणून केवळ गंज व धूळ पाहून वस्तूचे वय ठरवू नये.

सापडल्यास काय करावे

पहिली दक्षता सुरक्षिततेची. तोंडाकडून भरावयाच्या जुन्या बंदुका पुष्कळदा भरलेल्या अवस्थेतच ठेवून दिलेल्या असतात. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून घोडा ओढून पाहणे, चाप दाबणे, नळीत डोकावणे किंवा कानाजवळ दिवा अथवा काडी धरणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकारानेच करावी.

दुसरी दक्षता स्वच्छतेच्या उत्साहाची. पितळी भांडी चिंचेने व राखेने लखलखीत करण्याची आपल्या घराघरांत पद्धत आहे. बंदुकीस ती घातक ठरते. चिंच, लिंबू, काचकागद किंवा तारेचा घासा यांनी गंजाबरोबर शिक्के व अक्षरेही निघून जातात आणि त्यांच्याबरोबर वस्तूची ओळख पुसली जाते. दस्त्याला रंगरोगण लावू नये, मोडलेला भाग नव्याने बसवू नये. कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून, जमिनीच्या ओलीपासून दूर, ती आडवी ठेवावी. कोकणातील दमट हवेत ही काळजी विशेष आवश्यक आहे.

तिसरी दक्षता माहितीची. वस्तू कोणत्या घरात, कोणत्या जागी व कोणत्या इतर वस्तूंसोबत मिळाली, घरातील वडीलधारी माणसे तिच्याविषयी काय सांगतात, हे तारखेसह लिहून ठेवावे व छायाचित्रे घ्यावीत. तिच्याशेजारी मोडी कागद असतील तर ते मुळीच टाकू नयेत. एखाद्या पूर्वजाने कोणत्या सरदाराकडे चाकरी केली याचा कागद आणि बंदूक एकत्र राहिली तर ती इतिहासाची साधने ठरतात. वेगळी झाली की एक रद्दी व दुसरी भंगार होते.

कायद्याच्या बाजूकडेही लक्ष देणे जरूर आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये जुन्या धाटणीचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडके शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. परंतु त्यास अट अशी की, ते दुरुस्तीसह अथवा दुरुस्तीशिवाय बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. २०२० मधील नियमदुरुस्तीने पुरातन कौतुकवस्तूंच्या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे नागरिकांनी परवान्याविना बाळगण्यास मुभा दिली. मात्र ती वापरण्यास, जवळ घेऊन फिरण्यास किंवा अन्यत्र नेण्यास परवाना लागतो. आपली वस्तू कोणत्या वर्गात मोडते हे स्वतःच ठरवू नये. ती उचलून नेण्याऐवजी प्रथम जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. बेलपाडा व खारघर हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो.

पाया खणताना अथवा जमिनीत पुरलेल्या स्थितीत वस्तू मिळाल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाची अशी वस्तू सापडल्याचे जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. तसेच १९७२ च्या पुरावस्तूविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. परदेशातील संग्राहक मोठी किंमत देतो असे सांगून कोणी मध्यस्थ आल्यास हा निर्बंध ध्यानात ठेवावा.

वस्तूचे खरे मोल

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय येथे जुनी शस्त्रे जतन करण्यात आली आहेत. ती पाहिल्यास आपल्या घरातील वस्तूची तुलना करण्यास मदत होते. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे मार्गदर्शनही घेता येते. वस्तू दाखविली म्हणजे ती हातची गेली, असा गैरसमज असल्यास तो दूर व्हावयास हवा. तिची नोंद झाली, छायाचित्र राहिले, शिक्के वाचले गेले, तरी अभ्यासाचे मोठे काम होते.

फ्रेंच अधिकाऱ्याची बंदूक विकून एखाद्या कुटुंबास काही पैसे मिळतील. पण ती कोणत्या बंदरात उतरली, कोणाच्या खांद्यावरून घाट चढली आणि कोणत्या घरात येऊन विसावली हे कळले, तर चौलपासून खर्ड्यापर्यंतच्या इतिहासातील एक निखळलेला दुवा जुळू शकेल. पनवेल परिसरात जुन्या वस्त्यांच्या जागी नव्या इमारती वेगाने उभ्या राहत आहेत. पाडलेले घर पुन्हा उभारता येईल, परंतु त्याच्या माळ्यावरून भंगारात गेलेला पुरावा परत मिळणार नाही. म्हणून जुने घर उतरविण्यापूर्वी माळा व कोठी एकदा शांतपणे पाहून घेणे आणि जे मिळेल त्याची नोंद करणे, हे प्रत्येक कुटुंबास सहज करता येण्यासारखे काम आहे.